तिटकारा कशाचा करावा?
(‘अब्हॉर’ या इंग्रजी शब्दाच्या निमित्ताने)

— इंग्रजीचे सहशिक्षक, बी. ए., बी. एड.

[संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर]



मला इंग्रजीवर चार शब्द बोलायला सांगितले आहे. इंग्रजीचे महत्त्व मी तुम्हांला काय सांगणार? आपल्यापैकी कित्येकांच्या घरातला कर्ता माणूस आखातात आहे किंवा बोटीवर आहे. ते महत्त्व तुम्ही पत्रांतून, करारांतून आणि विमानतळावरच्या रांगेतून शिकलेले आहात. म्हणून महत्त्व बाजूला ठेवतो आणि आज एकच इंग्रजी शब्द तुमच्यापुढे मांडतो. शब्द आहे ‘अब्हॉर’. अर्थ, अतिशय तिटकारा करणे. हा शब्द निवडण्याचे कारण असे की माझे शिक्षण या शब्दापाशी अडले होते आणि याच शब्दापासून ते पुढे सुरू झाले.

मी पाचवीत गेलो तेव्हा पहिल्यांदा एबीसीडी गिरवली. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. आमची तुकडी त्याच्या आधीची. आठवीत असताना एक दिवस सरांनी मला उभे करून उतारा वाचायला सांगितला. त्यात वाक्य होते, ‘नेचर अब्हॉर्स अ व्हॅक्यूम’. म्हणजे निसर्गाला पोकळीचा तिटकारा आहे. स्पेलिंग ए, बी, एच, ओ, आर. भिवंडीचा भ बी-एच असाच लिहितात, भोसल्यांचा भ तसाच लिहितात, हे मला ठाऊक होते. मी मोठ्या आवाजात वाचले, ‘नेचर अभोर्स’. सर हसले. सर हसले म्हणून वर्ग हसला. पुढे वर्षभर माझे नाव ‘अभोर’ पडले.

त्या दिवसापासून मी इंग्रजीच्या तासाला शेवटच्या बाकावर बसू लागलो. अब्बा कुवेतहून सुट्टीवर आले आणि त्यांनी प्रगतिपुस्तक मागितले. गणितात चांगले गुण, इंग्रजीत जेमतेम पस्तीस. ते काही बोलण्याआधीच मी सांगून टाकले, “अब्बा, मला इंग्रजीची नफरत आहे.”

अब्बा रागावले नाहीत. म्हणाले, “नफरत आहे, का भीती वाटते? नीट विचार करून सांग. दोघांचं औषध वेगळं असतं.”

अब्बांचे शिक्षण सातवीपर्यंतचे. ‘मला इंग्रजी आवडत नाही’ असे तेही शाळेत म्हणत असत. पहिल्यांदा परदेशी जाताना मुंबईत एका दलालाने पुढे केलेल्या इंग्रजी करारावर त्यांनी न वाचता सही केली. तिकडे गेल्यावर कळले की तोंडी सांगितलेला पगार वेगळा आणि कागदावरचा वेगळा. ही हकीकत त्यांनी मला त्या रात्री प्रथम सांगितली. दुसऱ्या दिवशी ते तालुक्याला गेले आणि एक जुना इंग्रजी शब्दकोश घेऊन आले. आम्ही दोघांनी मिळून तो शब्द शोधला. उच्चाराच्या खुणा त्यांनाही वाचता येत नव्हत्या, मलाही नाही. पण बी आणि एच यांच्या मधे एक बारीक उभी रेघ होती. अब्बांनी तिच्यावर बोट ठेवले आणि विचारले, “ही दोन अक्षरं इथं वेगळी केलेली दिसतात. मग तू ती जोडून का वाचतोस?”

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही ही चूक करू नका. उच्चार ‘अब्-हॉर’. ब वेगळा, ह वेगळा, आणि जोर ‘हॉर’वर. ती उभी रेघ जोराचीच खूण आहे. जोर शेवटच्या अवयवावर असल्यामुळे भूतकाळाचे रूप लिहिताना आर दोनदा लिहावा लागतो. ‘रेफर’चे ‘रेफर्ड’ करताना आर दोनदा येतो आणि ‘ऑफर’चे ‘ऑफर्ड’ करताना एकदाच, त्याचे कारण हेच आहे. नियम कळला की पाठांतराचे ओझे कमी होते.

आता अर्थ. हा शब्द लॅटिन भाषेतून आला. ‘अब्’ म्हणजे दूर, आणि पुढच्या भागाचा मूळ अर्थ अंगावरचे केस उभे राहणे, थरकाप होणे. ‘हॉरर’ आणि ‘हॉरिबल’ हे शब्द त्याच घरातले. एखादी गोष्ट पाहून अंगावर काटा यावा आणि माणसाने मागे सरावे, असे चित्र या शब्दात आहे. भाषाशास्त्रज्ञ या लॅटिन धातूचे आणि संस्कृतमधल्या ‘हृष्’ या धातूचे मूळ एकच मानतात. आपला ‘हर्ष’ त्यातूनच आला. रोमांच भीतीनेही येतात आणि आनंदानेही. त्यांनी भीती घेतली, आपण आनंद घेतला.

इंग्रजीत नावडीच्या शब्दांची एक चढण आहे. पहिली पायरी ‘डिसलाइक’, म्हणजे आवडत नाही. मला कारल्याची भाजी आवडत नाही, तिथे एवढाच शब्द पुरे. पुढे ‘हेट’, म्हणजे द्वेष. मग ‘डिटेस्ट’. याच्या पोटात साक्ष हा अर्थ आहे, देवाला साक्षी ठेवून धिक्कार करणे हे त्याचे मूळ. मग ‘लोद’, म्हणजे किळस येईपर्यंतचा तिटकारा. आणि ‘अब्हॉर’ हा तिटकारा असा की ज्यात मनाची नैतिक चीड मिसळलेली असते. म्हणून तो बहुधा कृत्यांसाठी, रूढींसाठी, विचारांसाठी वापरतात. क्रूरतेचा, लाचखोरीचा, खोट्या साक्षीचा. कारल्याच्या भाजीसाठी हा शब्द वापरला तर ऐकणारा हसेल, आणि या वेळी त्याचे हसणे योग्य असेल.

वापराच्या तीन गोष्टी वहीत टिपून घ्या. पहिली, ‘आय अब्हॉर क्रुएल्टी’ हे बरोबर. ‘आय अ‍ॅम अब्हॉरिंग’ असे म्हणू नये, कारण तिटकारा ही चालू असलेली क्रिया नसून मनाची स्थिती आहे. दुसरी, ‘ही अब्हॉर्स टेलिंग लाइज’ असे म्हणावे, ‘अब्हॉर्स टू टेल’ म्हणू नये. ‘हेट’ला मात्र दोन्ही चालते. ‘आय हेट टू ट्रबल यू’ हे वाक्य तर उलट नम्रतेचे आहे, तुम्हांला त्रास द्यायला मला बरे वाटत नाही एवढाच त्याचा अर्थ. तिसरी, विशेषण ‘अब्हॉरंट’ असून त्याच्यापुढे ‘टू’ येतो. ‘द प्रॅक्टिस ऑफ डाउरी इज अब्हॉरंट टू मी.’ हुंड्याची चाल मला घृणास्पद वाटते. १९६१ साली हुंड्याविरुद्ध कायदा झाला, तरी हे वाक्य आपल्यापैकी किती तरुण मनापासून म्हणू शकतील, याचा विचार ज्याने त्याने करावा.

पालकांना वाटेल, मास्तर आपल्याला का व्याकरण शिकवताहेत? त्याचे कारण सांगतो. आपल्या घरातल्या भाषेतही अशा पायऱ्या आहेत. नावड, कंटाळा, वीट, तिटकारा, किळस, शिसारी, तिरस्कार, द्वेष. प्रत्येकाची जागा वेगळी. एकच पदार्थ रोज खाल्ला तर वीट येतो, द्वेष वाटत नाही. आणि जो ‘नफरत’ शब्द मी अब्बांपुढे वापरला, त्याच्या अरबी मुळात बुजून, बिचकून दूर पळणे हा अर्थ आहे. बुजलेले जनावर दावे तोडून पळते, त्याच्या मनात काही वैर नसते. मुलगा जेव्हा म्हणतो की मला या विषयाची नफरत आहे, तेव्हा तो पुष्कळदा मूळ अर्थानेच खरे बोलत असतो. तो बुजलेला असतो. आपण ऐकतो मात्र वैर.

माझ्या आठवीच्या उताऱ्यातले ते वाक्य आता पुन्हा घेतो. निसर्गाला पोकळीचा तिटकारा आहे, असे युरोपातले विद्वान शतकानुशतके मानत आले. पंपाचा दट्ट्या वर ओढला की पाणी मागोमाग वर चढते, ते कशामुळे? तर निसर्गाला रिकामी जागा सहन होत नाही म्हणून. पण ओढून घेणारा पंप सुमारे दहा मीटरच्या वर पाणी चढवू शकत नाही. ही मर्यादा गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात नोंदवली. आपल्याकडेही विहीर फार खोल असली तर पंप काठावर ठेवून भागत नाही, खाली उतरवावा लागतो. मग काय, निसर्गाचा तिटकारा दहा मीटरवर संपतो? गॅलिलिओचा शिष्य टॉरिचेली याने १६४४ च्या सुमारास पाण्याऐवजी पारा घेतला. नळीतला पारा सुमारे ७६ सेंटिमीटरवर थांबला आणि वर पोकळी राहिली. १६४८ मध्ये पास्कलच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्याने अशी नळी फ्रान्समधल्या प्युई द डोम या डोंगरावर नेली, तर पारा आणखी खाली आला. कारण वर हवा विरळ, तिचा दाब कमी. उलगडा झाला. निसर्गाला तिटकारा वगैरे काही नव्हता. बाहेरून हवेचे वजन दाबत होते, एवढेच.

पालक मित्रहो, मला वाटते मुलांच्या तिटकाऱ्याचेही असेच आहे. आपण म्हणतो, याला अभ्यासाचा तिटकाराच आहे. पण बाहेरून काय दाबते आहे ते आपण मोजत नाही.

माझ्या वर्गातल्या एका मुलीने निबंधाच्या वहीत एकच वाक्य लिहून वही दिली, ‘आय हेट इंग्लिश’. वाक्यात एकही चूक नव्हती. मी तसे खाली लिहिले आणि पुढे पाच शब्द दिले. कंटाळा, थकवा, लाज, भीती, द्वेष, या अर्थांचे इंग्रजी शब्द. सांगितले, यातला तुझा शब्द निवड आणि वाक्य पुन्हा लिही. दुसऱ्या दिवशी वही आली. त्यात होते, ‘आय अ‍ॅम अफ्रेड ऑफ रीडिंग अलाउड’. मला मोठ्याने वाचायची भीती वाटते. आता या दुखण्याला औषध होते. वर्गापुढे वाचायचे बंद केले. मधल्या सुट्टीत ती दोन मैत्रिणींना वाचून दाखवू लागली. सहामाहीनंतर तिने वर्गात चार ओळी वाचल्या. आवाज कापत होता, पण वाचल्या. कोणी हसले नाही, कारण हसायचे नाही हा नियम मी आधी स्वतःला घातला होता.

मग खरा तिटकारा करायचाच नाही का? करायचा. हा शब्द ज्यासाठी राखून ठेवावा अशा गोष्टी जगात आहेत. आपल्या कोकणातलेच उदाहरण घ्या. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा परिषद भरवायची ठरली, तेव्हा जागा मिळेना. फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. माणसाने माणसाला पाणी नाकारण्याच्या रूढीबद्दल जे वाटले पाहिजे, त्याचे इंग्रजी नाव ‘अब्हॉर’ आहे. तो तिटकारा माणसांचा नव्हता, रूढीचा होता. आणि फत्तेखानांनी नुसता तिटकारा केला नाही, जागा दिली. पुढे १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने ती रूढीच बेकायदा ठरली.

जो माणूस कारल्यापासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांना ‘हेट’ हा एकच शब्द लावतो, त्याच्यापाशी अन्यायासाठी शब्द शिल्लक राहत नाही. शब्द जपून वापरायचा तो एवढ्यासाठी.

शेवटी दोन विनंत्या करतो. विद्यार्थी मित्रांनो, एखाद्या विषयाबद्दल, एखाद्या माणसाबद्दल, एखाद्या जमातीबद्दल ‘हेट’ हा शब्द ओठांवर आला की क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा, हा द्वेष आहे, की भीती, की नुसती ओळख नाही म्हणून वाटणारे बुजरेपण? योग्य शब्द सापडला तर अर्धे काम होते. आणि पालकांनो, मुलगा किंवा मुलगी ‘मला अमुक विषय मुळीच आवडत नाही’ म्हणाली, तर लगेच रागावू नका. माझ्या अब्बांनी विचारला तो प्रश्न विचारा. त्याला इंग्रजी यावे लागत नाही.

तो जुना शब्दकोश अजून माझ्यापाशी आहे. त्या पानाचा कोपरा दुमडलेला आहे. ज्याला पाहायचा असेल त्याने शाळेत येऊन मला भेटावे.