यकृतावरील शस्त्रक्रिया : साधा चिमटा आणि महाग यंत्रे
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मी वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला व सारा जन्म शाळेत घालविलेला मास्तर आहे. परंतु गतवर्षी आपल्याच समाजातील एका कुटुंबावर यकृताच्या गाठीचा प्रसंग ओढवला. अमुक यंत्राने शस्त्रक्रिया झाली तरच रोगी वाचेल, या समजुतीने ती मंडळी वडिलार्जित वावर विकावयास निघाली. तेव्हापासून जाणत्यांना विचारून व वाचून जी माहिती मिळविली, ती आपणापुढे ठेवतो.

यकृत हे रक्ताने ओथंबलेले इंद्रिय होय. त्याला छेद देताना खरे भय रक्तस्रावाचे असते. १८८८ साली बर्लिनच्या लांगेनबुख यांनी यकृताचा रोगट भाग कापून काढला, तेव्हा रक्तस्रावामुळे रोग्याचे पोट पुन्हा उघडावे लागले. पुढे १९०८ मध्ये ग्लासगोच्या प्रिंगल यांनी यकृतात रक्त नेणाऱ्या वाहिन्या काही वेळ दाबून धरण्याची युक्ती सांगितली. ती आजही उपयोगात आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सच्या क्विनो यांनी यकृताचे आठ विभाग दाखवून दिले. प्रत्येक विभागास रक्ताची स्वतंत्र शाखा असते. एका मोठ्या वावराच्या आठ वाटण्या असाव्यात आणि प्रत्येकीला पाण्याचा वेगळा पाट असावा, तसाच हा प्रकार समजावा. यकृताचे धुरे मात्र वरून दिसत नाहीत. तपासणीच्या चित्रांवरून ते ओळखावे लागतात. धुरा ओळखून कापले, तर शेजारच्या विभागाचे पाणी तुटत नाही.

आता कापण्याच्या रीती पाहू. पहिली रीत साध्या चिमट्याची. यकृताचा मऊ भाग चिमट्याने चिरडला, की आतील रक्तवाहिन्या व पित्तनलिका धाग्यांप्रमाणे उघड्या पडतात. मग त्या बांधून कापावयाच्या. हनोईचे तोन थाट तुंग हेच कार्य बोटांनी करीत. दुसरी रीत ध्वनिलहरींच्या यंत्राची, तिसरी पाण्याच्या जोरदार धारेची आणि चौथी विद्युत्‌शक्तीच्या उष्णतेने वाहिन्या बंद करण्याची.

यांत श्रेष्ठ कोणती? झुरिच येथील शल्यवैद्यांनी १०० रोग्यांवर या चारही रीतींची तुलना करून २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. प्रिंगल यांच्या युक्तीसह वापरलेला साधा चिमटा सर्वांत जलद ठरला; रक्तही त्यात कमी गेले आणि खर्चही कमी आला! ते रोगी यकृत कठीण न झालेले होते, हे मात्र ध्यानी असावे.

याचा अर्थ नवे ते सारे व्यर्थ, असा नव्हे. ऑस्लो येथे २८० कर्करोग्यांच्या यकृताचा लहान भाग काढताना दुर्बिणीची व पोट उघडण्याची शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. २०१८ च्या निष्कर्षानुसार दुर्बिणीच्या रोग्यांत शेकडा १९ जणांना उपद्रव झाले, तर दुसऱ्या गटात शेकडा ३१ जणांना. मात्र त्यासाठी सरावलेला हात हवा, आणि प्रत्येक गाठ त्या रीतीने निघत नाही.

कोणतीही रीत घेतली, तरी मागे उरणाऱ्या यकृतावर सारे अवलंबून असते. निरोगी यकृताचा सुमारे पाव ते तिसरा हिस्सा उरला तरी बहुधा निभावते व तो वाढत जातो. दारूने वा काविळीच्या जुनाट विषाणूने यकृत कठीण झाले असेल, तर बराच अधिक भाग राखावा लागतो. म्हणून नवजात बालकास ‘ब’ काविळीची लस टोचून घेणे आणि व्यसनापासून दूर राहणे, हीच शस्त्रक्रियेची पहिली तयारी होय. आपल्या जिल्ह्यात सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय १९६९ पासून चालू आहे, सावंगीलाही मोठे रुग्णालय आहे. तपासणीस विलंब करण्याचे कारण नाही.

बंधूंनो, असा प्रसंग आल्यास यंत्राचे नाव विचारू नका. शल्यवैद्यांस नम्रपणे तीन प्रश्न विचारा : अशा शस्त्रक्रिया आपण किती केल्या? किती यकृत मागे उरेल? आणि हीच रीत या रोग्यास का? उत्तरे ऐकून मगच शेताच्या सातबाऱ्यास हात लावा. मंडळाच्या साहाय्य निधीनेही अर्ज तपासताना हेच प्रश्न पुढे ठेवावेत, अशी माझी विनंती आहे.