खुर्चीतून उठा, पुन्हा बसा


घरातल्या आजी-आजोबांनाही रेडिओजवळ बोलवा.

वयाची ७५ वर्षं पूर्ण झाली,
की आपल्या एसटीत तिकीट माफ.
पण एसटीची ती पहिली पायरी… केवढी उंच!
ती चढायला मांड्यांत बळ हवं.

वय वाढतं, तसे स्नायू झिजतात.
वापरले नाहीत, तर आणखी लवकर.
म्हणून एकच गोष्ट सांगते.
खुर्चीतून उठा… पुन्हा बसा.

खुर्ची भक्कम घ्या, हात असलेली.
ती भिंतीला टेकवा.
प्लास्टिकची नको, ती सरकते.

पाय जमिनीवर नीट ठेवा.
थोडं पुढे झुका.
सावकाश उठा… सावकाश बसा.
सुरुवातीला हातांचा आधार घ्या, त्यात लाज कसली?
पाच वेळा पुरे.

चक्कर आली, छातीत दुखलं, तर लगेच थांबा.
डॉक्टरांना दाखवा.
गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल, तर त्यांना आधीच विचारा.

आणि घरच्यांनो,
आजींना ओढून उठवायची घाई नको.
त्यांना स्वतः उठू द्या.
तुम्ही फक्त शेजारी उभे राहा.

पुन्हा सांगते.
खुर्चीतून उठा… पुन्हा बसा.
सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा.

आत्ताच करून बघता का?
मी थांबते.