टाच आणि गती



ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्या आमच्या व्यायामशिक्षक गुरुजींच्या तोंडूनच बेळगावच्या फडेप्पा चौगुले यांची कथा मी प्रथम ऐकली. १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये ते मॅरेथॉन धावले व एकोणिसावे आले. अंतर ४२.७५ किलोमीटर, वेळ २ तास ५० मिनिटे. म्हणजे किलोमीटरला चारच मिनिटे! हा हिशेब गुरुजींनी फळ्यावर मांडला होता.

साठीनंतर माझ्याही डोक्यात ते खूळ शिरले. हुबळी-धारवाड अंतर सुमारे वीस किलोमीटर; जाऊनयेऊन जवळजवळ मॅरेथॉनच. पहिल्याच महिन्यात मी रोजचे अंतर दुप्पट केले. व्हायचे तेच झाले. सकाळी अंथरुणातून पहिले पाऊल टेकताच टाचेतून कळ मस्तकात जाई. चार पावलांत ती ओसरे, आणि दुखणे गेले असे मी समजे. टाचेपासून बोटांपर्यंत ताणलेला तळपायाचा पट्टा दुखावला होता. डॉक्टरांनी पोटऱ्या ताणण्याचा व्यायाम दिला व धावणे कमी करावयास सांगितले. पहिले मी केले. दुसरे चोरून टाळले. वर्ष वाया गेले.

गुरुजींकडे गेलो, तर त्यांनी पायाकडे पाहिलेही नाही. ‘धावताना बोलता येते का?’ एवढेच विचारले. येत नव्हते.

मग केलगेरी तळ्याकाठी मी संधिनियम मोठ्याने म्हणत धावू लागलो; वाक्य तुटले की वेग उतरवायचा. सात महिन्यांनी टाच निवली. पुढे हुबळी एकदाच गाठली, तीही एकाच दिशेने. परतलो बसने. ते ऐकावयास गुरुजी तेव्हा नव्हते.