छापयंत्राचा दुभाष्या



या व्यासपीठावर इतिहास, वाङ्मय आणि राजकारण या विषयांवरील व्याख्याने ऐकण्याची आपणांस सवय आहे. अशा ठिकाणी ‘फोटो छापणाऱ्या प्रिंटरचा ड्रायव्हर’ हा विषय घेऊन आम्ही उभे राहणार असे कळल्यावर चिटणिसांनीच आम्हांला विचारले, की यात बोलण्यासारखे असते तरी काय? शंका रास्त होती. ड्रायव्हर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एस.टी.चा खाकी कपड्यांतला ड्रायव्हर उभा राहतो. संगणकातला ड्रायव्हर दिसत नाही, हॉर्न वाजवीत नाही, आणि तो आहे हे आपल्या ध्यानात येते तेही बहुधा गाडी बंद पडल्यावरच.

नावाने फसू नये. हा गृहस्थ धंद्याने दुभाष्या आहे. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला, तेव्हा त्याच्याबरोबर नारायण शेणवी हा दुभाष्या होता. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी, आणि मधोमध हा एकटा माणूस. अशा माणसाने एक शब्द पदरचा घातला, तर तो दोन्ही बाजूंना कळायचा कसा? संगणक आणि प्रिंटर यांचे नेमके असेच आहे. दोघांची भाषा वेगळी. मधल्या दुभाष्याच्या इमानावर सारा व्यवहार. आम्हांला आज बोलायचे आहे ते या इमानाविषयी.

आधी एक घडलेली हकीकत सांगतो. एका तालुक्याच्या गावी आमच्या ओळखीचा एक स्टुडिओ आहे. एक दिवस आम्ही तेथे बसलो असताना एक शेतकरी सहा बाय आठ इंचांची तसबीर परत घेऊन आला. त्याची आई नुकतीच वारली होती. तेराव्याला फोटो ठेवायचा, म्हणून जुन्या फोटोवरून मोठी प्रत करून घेतली होती. प्रत स्वच्छ होती, चकचकीत होती. तो गृहस्थ शांतपणे म्हणाला, “दादा, फोटो झकास झालाय. पण ही आमची आय न्हाई.”

आम्ही दोन्ही फोटो शेजारी धरून पाहिले. आई सावळी होती. उन्हातान्हात राबून रापलेला चेहरा. प्रतीतली बाई गव्हाळ, जवळजवळ गोरी, आणि कपाळावरच्या रेषा पुसट झालेल्या. फोटोग्राफर गोंधळला. त्याने रंगाला हातच लावला नव्हता! मग उलगडा झाला. आदल्या आठवड्यात त्याने नवा संगणक घेतला होता आणि प्रिंटरचा ड्रायव्हर नव्याने बसविला होता. जुन्या संगणकात वर्षानुवर्षे जमवून ठेवलेली मांडणी गेली, कारखान्यातली मूळ मांडणी आली, आणि तिच्यात ‘चित्र आपोआप सुधारा’ ही खूण केलेली होती. दुभाष्याने पदरचा शब्द घातला होता.

हे कसे घडते, ते समजण्यासाठी यंत्राच्या पोटात थोडे डोकावले पाहिजे. स्टुडिओत फोटोसाठी जे प्रिंटर वापरतात, त्यांतले पुष्कळसे ‘डाय-सब’ जातीचे असतात. त्यांत शाईची बाटली नसते. एक लांब फीत असते. तिच्यावर पिवळा, किरमिजी आणि निळसर असे तीन रंगांचे आणि चौथा पारदर्शक लेपाचा पट्टा, याच क्रमाने पुन्हा पुन्हा येतात. कागद छापडोक्याखालून चार वेळा जातो आणि दर खेपेस एक पट्टा वापरला जातो. डोक्यावर इंचाला ३०० या हिशेबाने बारीक तापणारे बिंदू असतात. बिंदू जितका अधिक तापेल तितका अधिक रंग फितीतून कागदात उतरतो. शेवटचा पारदर्शक लेप पाण्यापासून व बोटांच्या डागांपासून फोटोचे रक्षण करतो.

आता संगणकाकडे पाहा. त्याच्याजवळ चित्र असते ते तांबडा, हिरवा आणि निळा अशा प्रकाशाच्या मापांत. चार बाय सहा इंचांच्या फोटोत इंचाला ३०० प्रमाणे १२०० गुणिले १८००, म्हणजे २१ लाख ६० हजार ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्यासाठी तीन रंगांची मापे, म्हणजे सुमारे ६५ लाख आकडे. प्रकाशाची भाषा रंगाच्या भाषेत उतरविणे, चित्र कागदाच्या मापात बसविणे, कागद केवढा, लेप चकचकीत की मंद, प्रती किती हे प्रिंटरला त्याच्या बोलीत सांगणे, हे सगळे काम ड्रायव्हरचे. ते चुकले तर नुकसान रोख असते. एका फोटोला फितीचा एक पूर्ण संच लागतो, मग त्या फोटोत रंग थोडा असो की फार. एकदा वापरलेला पट्टा पुन्हा उपयोगी पडत नाही. जाता जाता एक गोष्ट सांगून ठेवतो: वापरलेली फीत उजेडात धरली, तर छापलेल्या प्रत्येक चेहऱ्याची छाया तिच्यावर दिसते. म्हणून ती कचऱ्यात तशीच न टाकता कापून नष्ट करावी.

आता ड्रायव्हर बसवायचा कसा? प्रिंटरच्या पाठीवरच्या पट्टीवरून त्याचे पूर्ण नाव आणि क्रमांक कागदावर उतरवून घ्यावा. शेवटचे एक अक्षर बदलले तरी दुभाष्या बदलू शकतो. आपल्या संगणकात कोणती प्रणाली आहे, तिची आवृत्ती कोणती, प्रोसेसर कोणत्या जातीचा, हेही पाहून ठेवावे. ड्रायव्हर घ्यावा तो प्रिंटर करणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून. ‘सर्व ड्रायव्हर येथे फुकट’ असे सांगणारी दुकाने इंटरनेटवर पुष्कळ आहेत, पण संगणकाच्या माजघरात शिरणारा हा मनुष्य कोणाच्या ओळखीने आला, ते पाहिल्यावाचून त्याला आत घेऊ नये. जुना ड्रायव्हर असेल तर आधी तो रीतसर काढावा आणि संगणक बंद करून पुन्हा चालू करावा. एक चूक आम्ही स्वतः केलेली आहे. नव्या वस्तूच्या उत्साहात केबल आधी जोडली आणि ड्रायव्हर मागून बसविला. संगणकाने आपल्या मनाने एक कामचलाऊ ड्रायव्हर लावून घेतला, आणि खरा आला तेव्हा त्याला जागाच उरली नाही. म्हणून माहितीपत्रकात ‘आता केबल जोडा’ असे येईपर्यंत हात आवरावा.

येथवर आले की बहुतेक लोक एक फोटो छापून पाहतात, तो बाहेर आला की हात झटकून उठतात. आमच्या मते खरे काम येथून पुढे आहे. दुभाष्या नेमला, त्याला ताकीद द्यायची राहिलीच!

पहिली ताकीद मापाची. पासपोर्टच्या फोटोसाठी ३५ बाय ४५ मिलिमीटर हे माप आपल्याकडे रूढ आहे. चार बाय सहाच्या कागदावर असे आठ फोटो नेमके बसतात. पण ड्रायव्हरात ‘बिनकाठाची छपाई’ किंवा ‘कागदभर बसवा’ असे काही चालू असेल, तर कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून तो चित्र किंचित वाढवितो. समजा शेकडा तीनने वाढविले, तर ३५ चे ३६ होतात आणि ४५ चे ४६ च्या वर जातात. डोळ्यांना हे दिसत नाही. अर्ज तपासणाऱ्याच्या पट्टीला दिसते. अर्ज परत आलेल्या मनुष्याला आपला एक दिवस आणि एसटीचे भाडे कशापायी गेले, ते कधीच कळत नाही. अशा कामासाठी चित्राचे माप शेकडा शंभरच ठेवावे आणि पहिली प्रत पट्टीने मोजावी.

दुसरी ताकीद रंगाची. निरनिराळ्या यंत्रांनी एकमेकांचे रंग ओळखावेत म्हणून १९९३ साली इंटरनॅशनल कलर कन्सॉर्टियम ही संस्था स्थापन झाली, आणि तिने रंगांच्या ओळखपत्राची, म्हणजे प्रोफाइलची, एक पद्धत घालून दिली. पद्धत उत्तम आहे. पण तिचा अंमल एकानेच करावा. फोटोच्या प्रोग्रॅमने रंग जुळविले असतील तर ड्रायव्हरने गप्प बसावे. ड्रायव्हर जुळविणार असेल तर प्रोग्रॅमने. दोघांनीही मीठ घातले की आमटीचे जे होते, तेच फोटोचे होते.

तिसरी आणि आमच्या दृष्टीने सर्वांत मोठी ताकीद ही, की ‘आपोआप सुधारणा’ बंद असावी. सुधारणा म्हणजे काय, हे कोणी ठरविले? चित्र काळोखे आले आहे की चित्रातली व्यक्तीच सावळी आहे, हे त्या बिचाऱ्या गणिताला कळत नाही. चेहरा त्याच्या कल्पनेपेक्षा गडद दिसला की ते त्याला उजळते. या कल्पनेला जुना इतिहास आहे. रंगीत फोटोंच्या फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना एका स्त्रीचे चित्र असलेले कार्ड पाठवी. त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. त्या चेहऱ्याचा रंग नीट आला म्हणजे यंत्र नीट लागले असे समजायचे. कित्येक दशके त्या कार्डावरची स्त्री गोरीच होती. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया एकाच कार्डावर आल्या त्या १९९० च्या दशकात. यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे आम्ही म्हणत नाही. पण ज्याच्या हाती नमुना, त्याच्या हाती ‘नीट’ या शब्दाचा अर्थ! आपल्या देशात, जेथे गोरेपणासाठी मुलींना ऐकून घ्यावे लागते, तेथे दुभाष्याने न विचारता केलेला हा उपकार निरुपद्रवी मानता येणार नाही.

ही मांडणी नेमकी कोठे करायची, हेही सांगितले पाहिजे. कारण पुष्कळांची फसगत येथेच होते. फोटोच्या प्रोग्रॅममधून छापताना केलेला बदल बहुधा तेवढ्या वेळेपुरताच टिकतो. विंडोजमध्ये प्रिंटरच्या ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’ मध्ये केलेला बदल त्या एका वापरणाऱ्यापुरता असतो. सर्वांसाठी कायम करायचा तर प्रिंटरच्या ‘प्रॉपर्टीज’ मध्ये ‘अॅडव्हान्स्ड’ खाली ‘प्रिंटिंग डिफॉल्ट्स’ असते, तेथे करावा लागतो. लिनक्सवर कप्स नावाची व्यवस्था असते. तिचे कार्यालय संगणकाच्या ६३१ क्रमांकाच्या दारामागे, ब्राउझरमधून उघडते. आणखी एक सोय आम्हांला फार उपयोगी वाटते. एकच प्रिंटर संगणकात दोन नावांनी नोंदविता येतो. एक नाव ‘पासपोर्ट’, दुसरे ‘तसबीर’, आणि दोघांची मांडणी वेगवेगळी. मग दर वेळी आठवण ठेवावी लागत नाही.

आता थोडे दूरचे. प्रिंटर धडधाकट आहे, पण नव्या प्रणालीसाठी कंपनीने ड्रायव्हरच काढला नाही. म्हणजे मनुष्य जिवंत, दुभाष्या मेला! असे प्रिंटर भंगारात जाताना आपण सर्वांनी पाहिले आहेत. या प्रश्नातून एक मोठी चळवळ उभी राहिली. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन हा तरुण काम करीत होता. जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की सर्वांना तसे कळावे, अशी व्यवस्था त्याने प्रोग्रॅममध्ये केली होती. नवा प्रिंटर आला, तो प्रोग्रॅमच्या मूळ लेखनावाचून आला. ते ज्याच्यापाशी होते, त्याने गुप्ततेच्या कराराकडे बोट दाखवून नकार दिला. १९८३ साली स्टॉलमनने ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्यामागे या नकाराचा सल होता. पुढे याच परंपरेत गुटेनप्रिंट हा ड्रायव्हरांचा मुक्त संच तयार झाला. डाय-सब जातीचे कितीतरी प्रिंटर लिनक्सवर त्याच्या जोरावर चालतात, आणि त्यातला दुभाष्या काय बोलतो, ते कोणालाही वाचून पाहता येते.

आज वारा वेगळ्या दिशेने वाहतो आहे. अॅपलने २०१० साली एअरप्रिंट आणले. मायक्रोसॉफ्टने २०२३ साली जाहीर केले, की कंपन्यांचे वेगवेगळे ड्रायव्हर विंडोजमार्फत पुरविणे टप्प्याटप्प्याने बंद होईल. यापुढे ड्रायव्हरच नको, असे लोक म्हणतात. सोय मोठी आहे, यात वाद नाही. पण त्यामुळे दुभाष्या नाहीसा होत नाही. तो बराचसा प्रिंटरच्या पोटात जाऊन बसतो. आता तो ताकीद ऐकण्याइतका जवळ राहील की नाही, हे प्रिंटर विकत घेण्यापूर्वी विचारून घ्यावे.

तेव्हा त्या स्टुडिओत पुढे काय झाले, ते सांगून संपवितो. फोटोग्राफरने सुधारणेची खूण काढली, रंगाचा अधिकार एकाच ठिकाणी ठेवला आणि प्रत पुन्हा छापली. पिवळा, किरमिजी, निळसर. चौथ्या खेपेला लेप बसून कागद बाहेर आला. त्या गृहस्थाने तो दारापाशी, उजेडात नेऊन पाहिला. बोलला काहीच नाही. टोपी काढली आणि तसबीर कपाळाला लावली. फोटोग्राफरने दुसऱ्या प्रतीचे पैसे घेतले नाहीत. त्याच संध्याकाळी त्याने सगळी मांडणी एका कागदावर लिहून काढली आणि तो कागद प्रिंटरच्या वर भिंतीला चिकटविला. संगणक पुन्हा बदलेल, ड्रायव्हर पुन्हा बसवावा लागेल. तो कागद तेव्हा कामाला येईल.

श्रोतेहो, आपल्या घरी प्रिंटर असेल तर आज रात्री त्याची मांडणी एकदा उघडून पाहा, एवढीच विनंती.