चमत्कारानंतरची वाट

चमत्कार हा शब्द ऐकला की आपल्यापैकी काहींचे हात जोडले जातात, तर काहींच्या भुवया वर जातात. आज मला या दोघांशीही बोलायचं आहे. विषय आहे येशू ख्रिस्तांच्या चमत्कारकथांचा. श्रद्धेबद्दल आणि शिष्य होण्याबद्दल त्या ख्रिस्ती माणसाला काय शिकवतात, याचा.

मी मुसलमान. आमच्या घरात ते हजरत ईसा. त्यांनी आंधळ्याला दृष्टी दिली, कोड असलेल्याला बरं केलं, मृताला उठवलं, हे मोजिजे कुरआनातही आहेत. आणि ते अल्लाहच्या आज्ञेनंच घडले, हेही तिथं बजावून सांगितलं आहे. मराठीला तर या कथा चारशे वर्षांपासून ओळखीच्या आहेत. फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापलं गेलं. ख्रिस्तचरित्र ओवीत बसवणारा तो इंग्रज धर्मगुरू आपल्या भाषेच्या प्रेमात पडला होता. त्यामुळे या कथांविषयी बोलताना मला परक्या घरी आल्यासारखं वाटत नाही.

पाच भाकरी आणि दोन मासे ही कथा घ्या. बायबलात येशूचरित्र सांगणारी चार शुभवर्तमानं आहेत. पुनरुत्थान सोडलं, तर या चौघांनीही सांगितलेला हा एकच चमत्कार. संध्याकाळ झालेली, जागा ओसाड आणि समोर ५ हजार पुरुष, बायका-मुलं वेगळीच. शिष्य म्हणतात, लोकांना गावात पाठवा, ते आपापलं विकत घेऊन खातील. येशू उलट शिष्यांनाच सांगतात, तुम्हीच त्यांना जेवायला द्या. पुढं सगळे पोटभर जेवले आणि १२ टोपल्या उरल्या, हे आपण लक्षात ठेवतो. पण भाकरी वाढल्या कोणी? शिष्यांनी. थोड्या वेळापूर्वी जे हात झटकत होते, त्यांच्याच हातांनी ती पंगत उठली. शिष्यत्वाचा पहिला धडा मला इथं दिसतो. चमत्कार पाहणारा तो प्रेक्षक, आणि त्यातलं वाढप ज्याच्या वाट्याला येतं, तो शिष्य.

योहानाच्या शुभवर्तमानात ही कथा आणखी पुढं जाते. दुसऱ्या दिवशी गर्दी येशूंना शोधत येते. तुम्ही माझ्यासाठी आला नाहीत, काल पोट भरलं म्हणून आलात, असं ते स्पष्ट सांगतात. मग त्यांचं बोलणं अवघड होत जातं, आणि पुष्कळ अनुयायी पाठ फिरवतात. शेवटी ते बाराजणांनाही विचारतात, तुम्हालाही जायचं आहे का? पेत्र म्हणतो, आम्ही जावं तरी कोणाकडे? भाकरी सगळ्यांना मिळाली होती. थांबले मात्र मोजकेच.

श्रद्धा म्हणजे शंका नसणं, असं आपल्याला वाटतं. मार्काच्या शुभवर्तमानात एक बाप आजारी मुलाला घेऊन येतो. माझा विश्वास आहे, असं तो म्हणतो आणि त्याच दमात आपल्या अविश्वासासाठी मदत मागतो. त्याला कोणी हाकलून देत नाही. मुलगा बरा होतो. मला ही सगळ्यात प्रामाणिक प्रार्थना वाटते. कोणत्याही धर्मातला बाप दवाखान्याच्या पायरीवर अशीच प्रार्थना करतो.

आणि जे बरे होत नाहीत, त्यांचं काय? हा प्रश्न टाळला तर चमत्कारकथा क्रूर होतात. माणूस गेल्यावर त्याच्या घरच्यांना 'तुमचा विश्वास कमी पडला' असं ऐकवणारे सगळ्या धर्मांत भेटतात. पण बायबल स्वतः असं म्हणत नाही. संत पौलानं आपल्या शरीरातला काटा दूर व्हावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. निभावून नेण्यापुरती कृपा मिळाली. पौलाची श्रद्धा कमी होती, असं कोण म्हणेल?

माझी आई अंथरुणाला खिळली, तेव्हा रात्रपाळीला वसईकडची एक ख्रिस्ती सिस्टर असे. एकदा मी तिला विचारलं, "सिस्टर, तुम्ही चमत्कार मानता ना?" ती म्हणाली, "मानते की. पण तो होवो न होवो, दर दोन तासांनी आजींची कूस बदलायलाच हवी." आई वाचली नाही. पण शेवटपर्यंत तिच्या पाठीला जखम झाली नाही. शिष्यत्व या जड शब्दाचा अर्थ मला त्या वाक्यातून उमगला.

येशूंनी नाकारलेले चमत्कारही लक्षात ठेवायला हवेत. उपाशी असताना त्यांनी दगडांच्या भाकरी केल्या नाहीत. मंदिराच्या टोकावरून उडी घेतली नाही. काहीतरी अद्भुत पाहायला मिळेल म्हणून हेरोद राजा आनंदला होता. त्याला चमत्कार तर नाहीच, साधं उत्तरही मिळालं नाही. म्हणून आज कोणी मंडप घालून, ध्वनिक्षेपक लावून हमखास बरं करण्याची हमी देत असेल, औषधं फेकून द्या म्हणत असेल, तर ख्रिस्ती माणसानं या कथाच त्याच्यापुढं ठेवाव्यात. परंपरा ज्याला तिसऱ्या शुभवर्तमानाचा लेखक मानते, त्या लूकला पौलानं प्रेमानं वैद्य म्हटलं आहे. ज्या घरात वैद्याला एवढा मान आहे, तिथं औषध हे श्रद्धेचं वैरी कसं होईल?

शेवटी यरीहोचा आंधळा भिकारी बार्तिमय. तो रस्त्याच्या कडेला बसला होता. गर्दी त्याला गप्प करत होती, तरी तो हाका मारत राहिला. त्याला दृष्टी मिळाली. येशूंनी त्याला जायला मोकळं केलं होतं. घरी जाऊन त्याला आयुष्यभर उजेड पाहता आला असता. पण तो येशूंच्या मागोमाग निघाला, आणि ती वाट यरुशलेमकडे, म्हणजे क्रुसाकडे जाणारी होती. डोळे मिळाले ही कथेची अर्धी बाजू. मिळालेल्या डोळ्यांनी त्यानं कोणती वाट धरली, ही उरलेली अर्धी.