फवारणीपूर्वी गावाच्या आरोग्याचे नियोजन
(शेलूबाजार येथील शेतकरी मेळाव्यातील भाषण)



पेरणीचे नियोजन आपण करतो, आरोग्याचे करीत नाही. २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० वर शेतकरी-शेतमजूर दगावले. घातक रसायनांमुळे होणारे मृत्यू २०३० पर्यंत बरेच कमी करावयाचे, हे संयुक्त राष्ट्रांच्या आरोग्यविषयक उद्दिष्टांपैकी एक आहे. २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांत वाशीमची निवड झाली, तेव्हा त्या कार्यक्रमात ३० टक्के भार आरोग्य व पोषणाला दिला गेला. हे उद्दिष्ट गावात आणणे आपल्या हाती आहे.

हंगामापूर्वी ग्रामसभेत तीन गोष्टी विचारा. ऑरगॅनोफॉस्फेट गटातील विषबाधेवर लागणारे ॲट्रोपीन प्राथमिक आरोग्य केंद्रात पुरेसे आहे काय? रात्री १०८ ची गाडी उशिरा आल्यास गावातील कोणते वाहन निघेल? फवारणी करणाऱ्या मजुरांची यादी आशाताईंकडे आहे काय? ही जबाबदारी गावच्या आरोग्य समितीवर सोपवा.

फवारताना मळमळ, घाम, डोकेदुखी किंवा अंधुक दिसणे जाणवल्यास काम ताबडतोब थांबवा. कपडे बदला, अंग साबणाने धुवा आणि कीटकनाशकाचा डबा लेबलासह घेऊन दवाखाना गाठा. नेमके विष समजल्यास डॉक्टरांना योग्य उपचार लवकर सुरू करता येतात.