पत्र लिहा, पोच जपून ठेवा
(जैनाबाद येथील सभेत अध्यक्षांनी केलेले भाषण)



मेळघाट आपला शेजारी. १९७३ च्या व्याघ्रप्रकल्पातील पहिल्या नऊ जंगलांपैकी एक. अकोट-खंडवा रेल्वेमार्ग त्यातून रुंद करू नये, म्हणून २०२१ मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी रेल्वेमंत्र्यांना पत्र लिहिले. राजकारण बाजूला ठेवा. प्रश्न कागदावर आला.

आपल्या जिल्ह्यात एप्रिल २०२३ मध्ये जमावाने नेपानगर ठाण्यावर हल्ला करून जंगल-अतिक्रमणाचे आरोपी सोडवून नेले. वनहक्क कायदा आदिवासींचा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचाच कब्जा मानतो. मग नव्या तोडीवर पट्ट्याची आशा कोण लावतो? लाकूड नाक्यावरून कसे जाते? हेच मी पत्रांतून विचारतो. उत्तर नाही आले, तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज. मुदत तीस दिवस.

ओट्यावर कुजबुजून भ्रष्टाचार हटत नाही. पिढ्यान्‌पिढ्या तापीचे पाणी प्यालो, तिच्या जंगलासाठी घरटी एक पत्र लिहू या.